पाण्याकाठची बाग कोणाची?



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे आता महागाई भत्ता, बोनस आणि प्रॉव्हिडंट फंड यांचा पाढा ऐकावा लागणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज तो पाढा आम्ही वाचणार नाही. पाण्याच्या काठावरील सार्वजनिक बागा, त्यांची निगा आणि लोकांना होणारा त्यांचा उपयोग हा विषय आम्ही चालकांकडून मागून घेतला. विषय ऐकून काही स्नेह्यांनी विचारले, "हा हौशी विषय तुम्हाला कुठून सुचला?" त्यांना जे उत्तर दिले तेच आज विस्ताराने मांडावयाचे आहे.

ज्याच्या घराला अंगण आहे, गच्ची आहे, त्याच्यासाठी बाग ही हौस असेल. परंतु दहा बाय बाराच्या खोलीत ज्याचे सहा माणसांचे बिऱ्हाड आहे, आणि त्याच खोलीत घरातल्या बाईच्या विड्यांचे सूपही मांडलेले आहे, त्याला बाग ही घरातली एक खोली वाटते. आजारातून उठलेला म्हातारा तेथे बसतो, पोर तेथे धावायला शिकते, नव्या जोडप्याला घरात बोलता येत नाही ते तेथे बोलते. ही खोली त्याला भाड्याने मिळत नाही. ती नगराने द्यावयाची असते. म्हणून बागेचा प्रश्न हा आम्हाला कामाच्या तासांच्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग वाटतो.

कामाचे तास कमी झाले ते कोणाच्या कृपेने झाले नाहीत. आपल्या देशात १८८१ साली कारखान्यांचा पहिला कायदा झाला, तो फक्त मुलांपुरता होता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १९२२ साली आठवड्याचे साठ तास ठरले, १९३४ साली चोपन्न झाले, १९४६ च्या दुरुस्तीने अठ्ठेचाळीस झाले आणि १९४८ च्या कायद्याने तेच कायम केले. साठावरून अठ्ठेचाळीसवर येण्यास चोवीस वर्षे आणि कितीतरी संप लागले. एवढ्या कष्टाने मिळविलेला तो मोकळा तास माणसाने घालवावा कोठे? घर लहान, रस्ता धुळीचा. सोय नसली तर तो तास गुत्त्यात जातो, नाहीतर चौकात उभ्याउभ्या संपतो.

हा विचार आम्हीच प्रथम करतो आहोत असे नाही. इंग्लंडात १८४७ साली कापड गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांच्यासाठी दहा तासांचा कायदा झाला. त्याच वर्षी लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडे बर्कनहेड या गावी सार्वजनिक पैशातून उभारलेले उद्यान लोकांना खुले झाले. त्याची आखणी करणारा जोसेफ पॅक्स्टन हा मूळचा माळीकाम करणारा माणूस. पुढे जगभर नगरोद्याने झाली तेव्हा या उद्यानाचा कित्ता पुष्कळांनी गिरविला. एकाच वर्षी कायद्याने मोकळा वेळ दिला आणि नगराने मोकळी जागा दिली, हा योगायोग असेल. परंतु या दोन गोष्टी एकमेकींवाचून अपुऱ्या आहेत एवढे त्यावरून कळते.

आता आपल्या गावाकडे येऊ. सोलापूर हे नदीवर वसलेले शहर नाही. सीना पश्चिमेच्या अंगाने काही मैलांवरून निघून जाते. आदिला नावाची लहानशी नदी आहे, पण वर्षातील बराच काळ तिला नदी म्हणावे की ओढा, असा प्रश्न पडतो. पाऊस सरासरीने साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. म्हणून इतर गावांना जो नदीकाठ निसर्गाने दिला तो सोलापूरच्या माणसांनी स्वतःच्या हातांनी खोदून घेतला. सिद्धेश्वराचा तलाव, विजापूर रस्त्यावरचा कंबर तलाव म्हणजे आजचा धर्मवीर संभाजी तलाव, आणि शहराबाहेर आदिलेवर बांध घालून १८७१ साली पुरा झालेला एकरुखचा म्हणजे हिप्परग्याचा तलाव, हेच आपले नदीकाठ.

बाराव्या शतकात श्रीसिद्धरामेश्वरांनी आपल्या सहकाऱ्यांसह श्रमून हा तलाव खोदला असे परंपरा सांगते. शरणांच्या चळवळीत 'कायक' असा एक शब्द आहे. अंगमेहनतीचे प्रामाणिक काम हीच पूजा, असा त्याचा भाव. ज्या गावाचा ग्रामदेव कुदळ हाती घेतो त्या गावाने बागेतल्या माळ्याला आणि तलावातला गाळ काढणाऱ्या बिगाऱ्याला शेवटच्या पायरीवर उभे करावे, हे आम्हाला विसंगत वाटते. दरवर्षी संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते. भोगीच्या दिवशी सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, मग होम मैदानावर होम होतो. या सोहळ्यातील बहुतेक जागा उघड्यावरच्या आहेत, पाण्याजवळच्या आहेत, आणि तेथे उभे राहण्यास कोणाला चिठ्ठी लागत नाही.

तलावाला लागून भुईकोट किल्ला. त्याच्या खंदकाच्या जागेत जी बाग आहे तिला हुतात्मा बाग म्हणतात. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. १९३० च्या मे-जूनमध्ये या शहरावर लष्करी कायदा होता त्याची ही अखेर. वेगवेगळ्या जातिधर्मांचे हे चौघे एका दिवशी गेले, आणि त्यांच्या नावाने आपण दगडी इमारत बांधून थांबलो नाही, बागही राखली, ही गोष्ट चांगली झाली. परंतु हुतात्म्याचे नाव दिलेल्या बागेची निगा तितक्याच कसोशीने व्हावयास हवी. नावाची पाटी रंगवून निगा होत नसते.

सार्वजनिक हा शब्द आपण फार सैल वापरतो. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्याच्या पायऱ्या उतरले तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला, आणि कोर्टकज्जे संपावयास पुढे १९३७ साल उजाडले. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपवास करावा लागला. चंद्रभागेच्या वाळवंटाला मात्र दारच नव्हते. दिंड्या आल्या, वाळूत बसल्या, कीर्तन झाले. आपल्या जिल्ह्यातला सर्वांत जुना नदीकाठ हाच, आणि तेथे कोणी लाद्या बसवल्या नव्हत्या, की कारंजे उडवले नव्हते. काठ लोकांचा आहे एवढे लोकांना ठाऊक होते.

याच्या उलट चित्रही सोलापूरने पाहिले आहे. ज्यांना इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती ठरविले त्यांची वसाहत येथे तारेच्या कुंपणाआड होती. त्यांतील पुष्कळ माणसे गिरण्यांत राबत आणि संध्याकाळी हजेरीला कुंपणाआड परतत. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. ज्या गावाने असे कुंपण पाहिले त्या गावात बागेच्या कुंपणाचा विचार जपून व्हावा. जनावरे आवरण्यापुरते कुंपण असावे. माणसे निवडण्यासाठी ते असू नये.

आता आजच्या स्थितीकडे वळू. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीची पहिली वीस नावे जाहीर झाली, त्यांत सोलापूर होते. योजनेतून रस्ते झाले, होम मैदान, पार्क स्टेडियम, तलावाचा परिसर येथे कामे झाली. ३१ मार्च २०२५ रोजी ती योजना देशभर संपली. झालेल्या कामाचे मोजमाप करणे हा आजचा विषय नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. योजनेचा पैसा बांधण्यासाठी येतो, राखण्यासाठी येत नाही. बांधण्याचे काम एकदा होते, त्याचा समारंभ होतो, फीत कापली जाते. राखण्याचे काम रोज असते आणि त्याला फीत नसते. गिरणीत नवा सांचा बसवला आणि तेल घालणारा माणूस काढून टाकला तर काय होईल, हे या सभेतील जुन्या कामगारांना सांगावयास नको. बागेचेही तसेच आहे. दोन वर्षांत कारंज्याची मोटर जळते, तिसऱ्या वर्षी दिवे जातात, चौथ्या वर्षी संध्याकाळी बायामाणसे फिरकेनाशी होतात, पाचव्या वर्षी "बाग वाया गेली, आता नवी योजना आणा" अशी ओरड होते. बागेत येणाऱ्या लोकांना या चक्रातून काही लाभत नाही.

तेव्हा पाण्याकाठची बाग जिवंत राहण्यास काय लागते ते क्रमाने पाहू. आमच्या मते चार गोष्टी लागतात: पाणी, सावली, वेळ आणि माळी.

पहिली गोष्ट पाण्याची. तलाव सडका असेल तर त्याच्या काठावर संगमरवर अंथरूनही कोणी बसणार नाही. तलाव सडतो कसा हे समजून घेतले पाहिजे. मैलापाणी, निर्माल्य, खरकटे पाण्यात गेले की त्यातल्या सत्त्वावर शेवाळ आणि जलपर्णी माजते. दिवसा हिरवे शेवाळ प्राणवायू सोडते, रात्री तेच तो खाऊ लागते. कुजणाऱ्या घाणीवरचे जंतूही प्राणवायू ओढतात. पहाटे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी होतो आणि मासे वर येऊन तडफडतात. सकाळी मेलेले मासे दिसले की आपण कोणी विष टाकले काय म्हणून शोध घेतो. विष आपल्याच गटारातून थोडे थोडे आलेले असते. जलपर्णी काढण्याचा ठेका देणे म्हणजे ताप आला असता घाम पुसणे होय. संभाजी तलावातली जलपर्णी कितीदा काढली तरी पुन्हा येते ती याच कारणाने. येणारे प्रत्येक गटार अडवून मैलापाणी शुद्धीकरणाकडे वळविणे हे पहिले काम. काठाचे सुशोभन त्यानंतरचे. क्रम उलटला की पैसा पाण्यात जातो, आणि येथे तर तो अक्षरशः जातो.

दुसरी गोष्ट सावलीची. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो. अशा गावात हिरवळीचे गालिचे अंथरावयाची हौस परवडणारी नाही. थोडा हिशेब करू. एक एकर हिरवळीला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरले तर सुमारे वीस हजार लिटर होतात. माणशी रोज एकशेपस्तीस लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे सरकारी प्रमाण धरले, तर पाच माणसांच्या तीस कुटुंबांचे ते एका दिवसाचे पाणी झाले. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही तेथे एकरभर गवतासाठी तीस घरांचे पाणी ओतावे काय? त्यापेक्षा कडुलिंब लावा, करंज लावा, वड-पिंपळ लावा. पहिली काही वर्षे झाड पाणी मागते, पुढे आपले आपण जगते आणि दुपारी बारा वाजता शंभर माणसांना सावली देते. हिरवळीवर "चालू नये" अशी पाटी लावावी लागते. कडुलिंबाखाली "बसू नये" अशी पाटी आजवर कोणी लावलेली नाही. आणि जी थोडी हिरवळ पोरांच्या खेळासाठी ठेवावयाची तिला शुद्ध केलेले सांडपाणी द्यावे. म्हणजे पहिल्या कामाचा दुसऱ्या कामाला उपयोग होईल.

तिसरी गोष्ट वेळेची. पुष्कळ गावांत बागा सकाळी दोनतीन तास उघडतात, दुपारभर बंद असतात, आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर लवकरच शिट्टी वाजते. ही वेळ कोणाच्या सोयीची आहे? सकाळी फिरावयास जाणाऱ्या गृहस्थांची. त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही, त्यांनी अवश्य फिरावे. परंतु यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करणारा कामगार संध्याकाळी सुटतो तेव्हा फाटक बंद होत आलेले असते. रात्रपाळीवाल्याला दिवसा पत्र्याच्या खोलीत झोप लागत नाही, त्याला दुपारी झाडाखाली पाठ टेकावयास जागा हवी, आणि नेमकी दुपारी बाग बंद. विडी कामगार बाई पान-तंबाखू आणावयास, माल द्यावयास शाखेवर जाते आणि परतताना घटकाभर कोठे बसेल म्हटले तर बसावयास जागा नाही. जागा असली तर बायकांसाठी स्वच्छ मुतारी नाही. आम्ही तर असे म्हणू की, बागेत स्त्रिया येतात की नाही हे मुतारीवरून ठरते, कारंज्यावरून ठरत नाही. पूर्वी जुन्या गिरणीच्या, लक्ष्मी-विष्णूच्या, नरसिंगगिरजीच्या भोंग्यावर या शहराचे घड्याळ चाले. भोंगे थांबले. पण पाळ्या थांबल्या नाहीत, त्या कारखान्यांतून आणि घरांतून चालूच आहेत. बागेचे घड्याळ त्यांच्याशी जुळवून लावले पाहिजे.

चौथी गोष्ट माळ्याची, आणि आमच्या मते हीच सर्वांत मोठी. पूर्वी बागेला कायमचा माळी असे. कोणत्या झाडाला केव्हा वाळवी लागते, कोणती नळी कोठून फुटते, कोणते पोर फुले तोडते आणि कोणते पोर पडल्यास उचलावे लागते, हे सर्व त्याला ठाऊक असे. आता पुष्कळ ठिकाणी बागकाम ठेक्याने दिले जाते. ठेका वर्षाचा, माणूस रोजंदारीचा. ठेकेदार बदलला की माणूस बदलतो. त्याला किमान वेतन पुरते मिळते की नाही, प्रॉव्हिडंट फंड भरला जातो की नाही, हे कोणी पाहत नाही. आपण लावलेले रोप मोठे झालेले पाहावयास आपण येथे असू की नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्याने त्या रोपाला जीव कसा लावावा? एकदा एका बागेत पाणी घालणाऱ्या बाईला आम्ही विचारले, "बाई, हे झाड कशाचे?" ती म्हणाली, "दादा, मी सोमवारीच आले हो. मागच्या बाईला माहीत असंल." हे उत्तर त्या बाईच्या अज्ञानाचे नाही. मागच्या बाईला ज्याने घालविले त्या व्यवस्थेचे ते उत्तर आहे. झाडाला पंधरा वर्षे लागतात, तर माळ्याला अकरा महिन्यांचा करार पुरणार नाही.

आता दुसऱ्या शहरांनी काय केले ते थोडक्यात पाहू. अहमदाबाद हे आपल्यासारखेच गिरण्यांचे गाव. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९२० साली मजूर महाजन तेथेच स्थापन झाले. त्या गावाने साबरमतीच्या दोन्ही तीरांवर मिळून वीसएक किलोमीटर काठ बांधून काढला आणि २०१२ साली तो लोकांना खुला होऊ लागला. लोक तेथे हजारोंनी फिरतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच काठावर राहणारी दहा हजारांहून अधिक कुटुंबे उठवावी लागली. पुष्कळांना घरे मिळाली ती कामापासून दूर, आणि ती मिळण्यासाठीही कोर्टाची पायरी चढावी लागली. तेव्हा काठ सुंदर करताना काठावरच्या माणसाचे काय, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारावा लागतो. शेवटच्या दिवशी विचारून उपयोग नसतो.

मुंबईचे उदाहरण याहून कडू आहे. १९९१ च्या नियमावलीत बंद गिरण्यांच्या जमिनीची तीन भागांत वाटणी ठरली होती: एक भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक भाग घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी केवळ इमारती नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरती उरली. २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. गिरणगावात ज्या बागा व्हावयाच्या होत्या त्यांतील बहुतेक जमिनीवर आज मनोरे उभे आहेत. बाग गेली ती कुऱ्हाडीने गेली नाही, नियमातल्या एका ओळीने गेली. म्हणून आम्ही कामगारांना सांगतो की, नगररचनेचे मसुदे वाचावयास शिका. पगारपत्रक जसे वाचता तसे वाचा.

उलट बाजूचा निकालही आहे. बंगळूर येथे बागेसाठी राखलेली जागा खासगी दवाखान्यासाठी देण्यात आली होती. रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे उचलून धरले आणि उद्यानाची जागा उद्यानासाठीच राहिली पाहिजे, असा निर्णय दिला. दवाखाना ही काही वाईट गोष्ट नव्हे. परंतु एक चांगली गोष्ट दाखवून दुसरी काढून घेण्याची युक्ती जुनी आहे, हे न्यायालयाने ओळखले.

आणखी एक सावधगिरी. नदीचा काठ हा नदीचा असतो. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला जो पूर आला त्यात माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर या तालुक्यांतील गावेच्या गावे पाण्याने वेढली, लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद पडला. एरवी जिच्या पात्रातून गुरे चालत जातात तीच ही सीना. पुढेमागे शहर वाढत सीनेकडे सरकेल आणि तेथे काठावर बाग करण्याची कल्पना निघेल. तेव्हा भिंती घालून नदी आवळू नये. पुराचे पाणी येऊन जाईल अशी झाडी, मैदाने, पायवाटा ठेवाव्यात. मैदान बुडाले तर आठ दिवसांनी वाळते. घर बुडाले तर माणूस आयुष्यभर वाळत नाही.

आता करावयाचे काय? भाषण झाले, टाळ्या झाल्या, पाने छापून झाली, एवढ्यावर हे थांबू नये, म्हणून काही ठोस सूचना मांडतो. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने बारावी अनुसूची आली. तिच्यातील बारावी बाब उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांसारख्या नागरी सोयींची आहे. तीन लाखांवर वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात असेही घटना सांगते. तेव्हा मागणी करण्यास आधार आहे. पायाखाली जमीन आहे, उभे राहावयाचे तेवढे बाकी आहे.

पहिली सूचना: बांधकामाचा कोणताही आराखडा मंजूर करताना पुढील दहा वर्षांच्या निगेची तरतूद त्याच कागदावर लिहावी. ती नसेल तर आराखडा परत पाठवावा. दुसरी: गटारे अडविल्याचा दाखला मिळेपर्यंत तलावाकाठी सुशोभनाचा रुपया खर्चू नये. तिसरी: प्रत्येक बागेला कायम नेमणुकीचे माळी असावेत, आणि त्यांची नावे फाटकावरच्या पाटीवर असावीत. उद्घाटकाचे नाव असते, मग माळ्याचे का नसावे? चौथी: पाण्याकाठच्या बागांना तिकीट नसावे, आणि दुपारी त्या उघड्या असाव्यात. पाचवी: भेळवाला, चहावाला, फुगेवाला यांना हाकलून न देता जागा आखून द्यावी. फेरीवाल्यांविषयी २०१४ चा कायदा आहेच. शिवाय जेथे फेरीवाला उभा असतो तेथे संध्याकाळी चार माणसे असतात, आणि जेथे चार माणसे असतात तेथे एकट्या बाईला भीती वाटत नाही. राखणीचे निम्मे काम ही गर्दीच करते.

सहावी सूचना आमच्यासाठी आहे, म्हणजे तुम्हा-आम्हा सर्वांसाठी. प्रत्येक बागेची एक समिती असावी. तिच्यात सकाळी फिरणारे गृहस्थ असावेत, तसा एक यंत्रमाग कामगार, एक विडी कामगार बाई, एक शाळामास्तर, एक कोळी आणि एक माळी असावा. तिने महिन्यातून एकदा बागेतच बसावे आणि दिवे किती लागले, नळ किती गळतात, झाडे किती मेली याचा हिशेब उघड वाचावा. वर्षातून एकदा, गड्ड्याच्या यात्रेआधी, तलावाच्या काठावर सर्व शहरासमोर हा हिशेब मांडावा. ज्या काठावर आपण अक्षता टाकतो त्या काठावर खोटा हिशेब सांगण्यास माणूस थोडा तरी कचरेल, अशी आमची आशा आहे.

या समितीला संघटनांनी माणसे पुरवली पाहिजेत. आपल्या संघटना कारखान्याच्या फाटकाशी उभ्या राहतात आणि ते योग्यच आहे. परंतु या शहरात आता एका फाटकातून हजार कामगार बाहेर पडतात असे उरले नाही. माणसे घरोघर विखुरली, दहा-वीस मागांच्या शेडमध्ये विखुरली. त्यांना एकमेकांची तोंडे दिसावी कोठे? घरी बसून विड्या वळणाऱ्या दोघी बायका भाव कमी मिळाल्याचे एकमेकींना कोठे सांगतील? त्यांना बसावयास कट्टा असेल तर तेथे सांगतील. मालकही तेथे येऊन बसू शकतो, त्यालाही आमची मनाई नाही. बागेच्या बाकावर दोघांना सारखीच जागा लागते.

बंधुभगिनींनो, आता आम्ही आटोपते घेतो. बाग बांधून पुरी होत नाही, ती रोज राखावी लागते, आणि ज्यांच्या वेळेला ती उघडी असते त्यांचीच ती होते, एवढेच आम्हास सांगावयाचे होते. हा तलाव खोदला गेला तेव्हा कोणी ठेका घेतल्याचे परंपरा सांगत नाही. माणसांनी खोदला आणि आठशे वर्षे तो माणसांनी राखला, म्हणून आज त्याच्या काठाविषयी बोलावयास आपण जमू शकलो. पुढची पाळी आपली आहे. येत्या पावसाळ्याआधी आपापल्या भागातील बागेत एकदा जाऊन या. तेथला माळी कोण, त्याला पगार किती, पाणी कोठून येते आणि फाटक केव्हा बंद होते, एवढ्या चार गोष्टी विचारून लिहून ठेवा. पहिल्या सभेपुरते तेवढे पुरे होईल.